स्फटिक कोणी वाढवला, तेही छापा

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतला, अणूंच्या थराइतक्या पातळ पदार्थांवरचा लेख आवडला. टंगस्टन आणि सेलेनियमच्या संयुगाचे, म्हणजे टंगस्टन डायसेलेनाइडचे, गुणधर्म त्यात नेमके सांगितले होते. पण ज्या स्फटिकाचे पापुद्रे काढून हे प्रयोग होतात तो आला कुठून, याबद्दल एक ओळही नव्हती. असे स्फटिक वाढवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून हे पत्र.

हे स्फटिक अनेकदा क्वार्ट्झच्या वीतभर लांब, बंद नळीत वाढतात. एका टोकाला टंगस्टन डायसेलेनाइडची पूड आणि सोबत थोडे आयोडीन; नळीच्या दर घनसेंटिमीटरला काही मिलिग्रॅम पुरते. आयोडीन उडून जाऊ नये म्हणून ते टोक द्रव नायट्रोजनने थंड ठेवायचे, हवा काढायची आणि ज्योतीवर नळी वितळवून बंद करायची. मग भट्टीत पुडीचे टोक साधारण १००० अंश सेल्सिअसला, दुसरे ९०० ला. एरवी ही पूड या तापमानालाही जवळजवळ जागची हलत नाही. आयोडीनशी संयोग होऊन तिची वायुरूप संयुगे बनतात, ती थंड टोकाकडे पसरतात, तिथे अभिक्रिया उलटते आणि स्फटिक बसू लागतो. सुटलेले आयोडीन पुन्हा पुडीकडे जाते, म्हणून इतके थोडे पुरते. या पद्धतीला बाष्पवहन म्हणतात आणि आयोडीनला वाहक.

दिशा मात्र पदार्थागणिक बदलते. अभिक्रिया उष्णता शोषणारी असेल तर पदार्थ गरम टोकाकडून थंड टोकाकडे जातो. उष्णता सोडणारी असेल तर उलट. हॅलोजन दिव्यात काचेकडे आलेले टंगस्टन तापलेल्या तारेकडे परत जाते ते यामुळेच. ज्वालामुखीच्या वायूंत लोहाच्या ऑक्साइडचे असे वहन जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांनी १८५२ मध्येच ओळखले होते. पुढे विसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाराल्ड शेफर यांनी या अभिक्रियांचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि आम्ही आजही त्याच आधारावर तापमाने ठरवतो.

खरी मेहनत त्यानंतरची आहे. स्फटिक जिथे बसायचा ते टोक आधी काही तास उलट तापवून साफ करावे लागते, नाहीतर तिथे चिकटलेल्या कणाकणावर स्फटिक धरतो आणि एकही मोठा होत नाही. मूलद्रव्यांपासून थेट सुरुवात केली असेल तर तापमान फार सावकाश चढवायचे, कारण सेलेनियमच्या वाफेच्या दाबाने नळी फुटू शकते. नंतर कित्येक दिवस भट्टीला हात लावायचा नाही. मला हा काळ फार आवडतो.

एवढे करून निघालेल्या स्फटिकात आयोडीनचे अणू अडकलेले असू शकतात, सेलेनियमच्या जागा रिकाम्या राहिलेल्या असू शकतात. त्यामुळे एकाच सूत्राचे दोन स्फटिक वीज अगदी वेगळी वाहून नेतात. तरीही कित्येक शोधनिबंधांत ‘स्फटिक बाष्पवहनाने वाढवले’ एवढेच वाक्य असते. वाहक किती घेतला, दोन्ही टोकांची तापमाने काय होती, थंड कसे केले, हे कळल्याशिवाय दुसऱ्या प्रयोगशाळेने ते निष्कर्ष पडताळायचे कसे?

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे, की नव्या पदार्थाची बातमी करताना संशोधकांना हेही विचारावे: स्फटिक कुठे, कशाने आणि किती दिवसांत वाढवला, आणि तो कोणाच्या हातचा आहे. उत्तर एका वाक्याचे असले तरी ते छापावे.

— स्फटिक वाढवणारी एक संशोधिका