बर्फातला कट्टा

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

विद्यापीठात मुलांना हिवाळ्यातही जमता येईल अशा कट्ट्याचे तुझे नकाशे सावकाश पाहिले. ग्रंथालयामागचं काचेचं दालन देखणं आहे, पण तिथे कुणी फिरकणार नाही. उणे दहा अंशांत मुलं नुसतं बसायला म्हणून वेगळ्या इमारतीत जात नाहीत. एक तास संपवून दुसऱ्या तासाला निघालेली असताना वाटेत ऊब लागली आणि कुणी ओळखीचं दिसलं, तर थांबतात. म्हणून आधी वर्ग, खानावळ, बसथांबा, ग्रंथालय यांच्यातल्या वाटा आख. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे कट्टा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातला सुमारे २५० मीटरचा ‘इन्फिनिट कॉरिडॉर’ बघ, किंवा कॅनडात एडमंटनला अल्बर्टा विद्यापीठातला हब मॉल. हबमध्ये काचेच्या छपराखाली चक्क रस्ता आहे, खाली दुकानं, वर विद्यार्थ्यांची घरं. तिथे घोळके होतात ते जाता-येता.

कॉरिडॉरच्या कडेला दीड ते पावणेदोन मीटर खोल कोनाडे काढ, चार-सहा जणांपुरते. आग लागल्यास बाहेर पडायच्या वाटेची रुंदी सोडूनच ते धर, नाहीतर पहिल्याच तपासणीत बाकं उचलावी लागतील.

तुझ्या फर्निचरच्या नकाशात कोट कुठेच नाहीत! जाड जॅकेट, मफलर, हातमोजे, पाठीवरची बॅग एवढं सगळं घेऊन माणूस येतो. खुंट्या नसल्या की हा पसारा खुर्च्यांवर जातो, आणि चौघांच्या टेबलाशी दोघंच मावतात. शिवाय अंगावर कोट ठेवून बसलेला माणूस पाच मिनिटांत उकडून उठतो. बसल्या जागेवरून दिसतील अशा खुंट्या लाव, नजरेआड कुणी कोट टांगत नाही. उंची साधारण १.६ मीटर, दोन खुंट्यांत २० सेंटिमीटर. खाली गालिचा नको, पुसता येणारी फरशी हवी, कारण वितळलेल्या बर्फाबरोबर रस्त्यावरचं मीठही येतं आणि त्याचे पांढरे डाग पडतात.

प्रवेशाला एकामागे एक दोन दारं आहेत ते बरं केलंस, पण त्यांच्यात किमान २.१ मीटर अंतर ठेव. त्याहून कमी असलं की पहिलं दार मिटायच्या आत दुसरं उघडतं आणि वारा सरळ आत घुसतो. बाकं त्या झोताच्या रेषेत नकोत.

उंच काचेलगत गार झालेली हवा खाली घसरते आणि बसणाऱ्याच्या पाठीवर येते. खोलीत २१ अंश असले तरी तिथे थंडी वाजते. त्यासाठी काचेच्या तळाशी, तिच्या पूर्ण लांबीचा हीटर. बाक काचेला चिकटवलास तर हीटरची गरम हवा अडते, म्हणून मागे ८-१० सेंटिमीटरची फट सोड.

बाहेरचं अंगण मात्र रद्द करू नकोस, उन्हं आली की मुलं तिकडेच पळतात. पण उन्हाचा हिशेब चुकलाय. ४५ अक्षांशावर २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य जेमतेम २१-२२ अंश वर येतो, १२ मीटर उंच इमारतीची सावली ३० मीटर पडते. तुझं अंगण २४ मीटरचं. म्हणजे त्या दिवसांत जमिनीवर ऊन नाहीच. मार्चच्या विषुवदिनी तीच सावली १२ मीटरवर येते. तेव्हा बाकं उत्तरेच्या कडेला, दक्षिणेकडे तोंड करून, मागे भिंत. लाकडाचीच घे, फळ्यांत सेंटिमीटरभर फट. दगड आणि स्टील अंगातली ऊब ओढून घेतात.

वारा ताशी ३० किलोमीटर असला की उणे १० अंश अंगाला उणे २० वाटतात. त्यासाठी तू भरीव भिंत घातलीस, पण वारा तिच्या माथ्यावरून उडी घेतो आणि पलीकडे भोवरे करतो. साधारण निम्मी उघडी जाळी किंवा दाट सदाहरित झाडी बरी. तिच्या मागे बर्फ मात्र साचतो, म्हणून बाक लगेच मागे नको, मध्ये झुडपांचा पट्टा सोड.

हटवलेल्या बर्फाचा ढीग कुठे करायचा तेही नकाशात दाखव. वाटेच्या चढत्या बाजूला नको, दिवसा वितळलेलं पाणी वाटेवर येऊन रात्री गोठतं. गटाराच्या जाळीवरही नको. आणि बर्फ हटवणारी गाडी फिरेल एवढी मोकळी जागा बाकांसमोर ठेव.

आता दोन सेक्शन, म्हणजे उभे छेद काढ, २१ डिसेंबर आणि २१ मार्च, दुपारी बारा आणि तीनच्या सावल्यांसह. रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
आई