खडकवासल्याच्या काठी विजेची सूचना हवी

महोदय,

फाल्गुन-चैत्रात पुण्याची हवा घडीत एक, घडीत दुसरी. पहाटे स्वेटर, दुपारी टोपी आणि संध्याकाळी सिंहगडाच्या मागून काळे ढग. हवा कोरडी असल्याने जमीन रात्री भराभर निवते, दिवसा तितकीच तापते. त्यात समुद्रावरून बाष्प आले की वळवाचा पाऊस, कधी गाराही. यात नवल नाही.

नवल खडकवासला चौपाटीचे. सोसाट्याचा वारा सुटतो, भजी-कणसांच्या गाड्यांवरचे प्लास्टिक फडफडते, शेगडीतल्या ठिणग्या उडतात आणि लोक मात्र मोबाइल उंचावून पाण्याच्या अगदी कडेला उभे! गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते, हे किती जणांना ठाऊक आहे? विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप तर पुण्यातल्याच, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने तयार केले आहे. मार्च ते जून या काळात धरणाकाठी त्याचे फलक आणि एक भोंगा लावायला काय हरकत आहे? ‘झाडाखाली थांबू नका, चारचाकीत काचा लावून बसा’ एवढे मोठ्या अक्षरांत लिहिले तरी पुष्कळ झाले.

— एक वाचक, वारजे, पुणे