सिस्टर, तुम्ही आधी कामाचं विचारलंत

सिस्टर,

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. खारघरच्या कॅन्सर इस्पितळात तुमच्यासमोर फाईल छातीशी घट्ट धरून बसलेल्या, कळव्याच्या त्या बाई आठवतात? मी त्यांची मुलगी.

आईच्या स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन ठाण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात झालं. रिपोर्ट देताना तिथले डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "ग्रेड थ्री आहे, ईआर पॉझिटिव्ह. कीमो लागेल." मी काही विचारायच्या आत पुढचा पेशंट आत आला. आम्ही घरी आलो ते 'तिसरी स्टेज' घेऊनच. त्यात 'पॉझिटिव्ह'! कोविडपासून आमच्या घरात त्या शब्दाचा एकच अर्थ. ११ दिवस आई शिलाई मशीनवर बसली नाही. बांगड्या कुणाला, मंगळसूत्र कुणाला, सगळं मला सांगून झालं. त्या डॉक्टरांची दोन मिनिटं हे ११ दिवस वाचवू शकली असती. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही फाईल उघडलीत आणि आधी विचारलंत, "मावशी, तुम्ही काय काम करता?"

इतक्या दिवसांत आईला आजाराखेरीज काही विचारणारं पहिलं माणूस तुम्ही. "ब्लाऊज शिवते," आई म्हणाली. तिचा आवाज मला किती दिवसांनी नीट ऐकू आला.

मग तुम्ही म्हणालात, "शिवणीला माया सोडता ना? तशी गाठीभोवतीची थोडी चांगली मायाही सर्जन काढतात. तिची कड सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तुमच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत. त्यालाच लिहिलंय मार्जिन निगेटिव्ह. इथे निगेटिव्ह चांगलं."

आईने तो कागद स्वतःकडे ओढून घेतला. पुढचं तीच विचारत गेली. ग्रेड म्हणजे पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात, किती भरभर वाढू शकतात. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचला. गाठ २.४ सेंटिमीटर, काखेतल्या तपासलेल्या १४ ग्रंथींपैकी एकीतही काही नाही, म्हणजे दुसरी स्टेज. आणि ईआर पॉझिटिव्ह म्हणजे या पेशी इस्ट्रोजेन नावाच्या हार्मोनच्या जोरावर वाढतात, तो जोर तोडणाऱ्या गोळ्या आहेत, कीमोनंतर त्या काही वर्षं रोज घ्यायच्या. ग्रेड तीन हलकं नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. खोटा धीर दिला असतात तर आईने तो ओळखला असता.

बाहेर रांग होती, तुमचा डबा टेबलावर तसाच होता. शिकलेली माणसं खूप भेटली, पण समोरच्याला कळेपर्यंत थांबणारी फार थोडी. ती आहेत म्हणून आमच्यासारख्यांचा निभाव लागतो.

परतीच्या पनवेल-ठाणे लोकलमध्ये आई खिडकीशी बसून मला समजावत होती, "माया साफ आहे गं."

तीन कीमो झाल्या. केस गेले, तोंडाची चव गेली, पण सकाळचा एक तास मशीन चालतं. पुढच्या खेपेला तुमच्या मापाचा एक ब्लाऊज आणा, आईने निरोप दिलाय.