नांगर धरून ठेवलेत, त्याबद्दल

देवगड आणि आनंदवाडीच्या नाखवांना, तांडेलांना, मेकॅनिकांना आणि जेटीवरच्या सगळ्यांना रामराम.

डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला ओखी वादळातून केरळच्या ६६ आणि तामिळनाडूच्या २ अशा ६८ बोटी सिंधुदुर्गात आसऱ्याला आल्या. बोटींवर ९५२ माणसं होती. त्याच वादळाने दक्षिणेत शेकडो मच्छीमार नेले. पेपरात छापून आलं की बोटींनी देवगड बंदरात ‘आश्रय घेतला’. जणू बोट आत शिरली की काम झालं! बंदर चांगलं आहे, वाद नाही. किल्ल्याच्या टोकाला लागून अरुंद तोंड, आत दक्षिणेकडे लांबवर गेलेलं पाणी. पण परक्या बोटींनी भरलेलं बंदर वादळात सांभाळायचं म्हणजे काय, हे दर्यावरच्याच माणसाला कळतं. म्हणून हे आभार आम्हीच लिहायचे ठरवले.

पहिले आभार जागा नेमून देणाऱ्यांचे. चक्रीवादळ आपल्या पश्चिमेकडून उत्तरेला सरकतं तेव्हा वारा आधी पूर्व-आग्नेयेचा असतो, मग दक्षिणेचा, आणि वादळ पुढे गेलं की नैर्ऋत्येचा. संध्याकाळी ज्या बाजूला ताण धरून बोट उभी केली, तो ताण पहाटे भलत्याच बाजूला येतो. बोट फिरते आणि दोर फिरायला जागा नसेल तर शेजारच्या बोटीवर जाऊन आदळते. बाहेरून आलेल्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, तुमच्या बंदराचा तळ ठाऊक नसतो. चिखल कुठे आहे, खडक कुठे आहे, ओहोटीला कुठे पाणी उरत नाही, हे सांगायला डिंगी, म्हणजे छोटी होडी, घेऊन पावसात कुणीतरी पुढे जावं लागतं. तुम्ही जाता.

दोराचा हिशेब तर तुमच्याकडूनच शिकावा. ओहोटीला तीन वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी आहे म्हणून तीनच धरायचे नाहीत. भरतीचा एखादा वाव आणि पाण्यापासून नाळेपर्यंतचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतचा, आणखी एक धरून झाले पाच. वादळात याच्या सातपट, म्हणजे ३५ वाव दोर सोडायचा. भरलेल्या बंदरात एवढी मोकळीक मिळत नाही. मग तुम्ही नाळेवरून दोन नांगर तिरके टाकायला लावता आणि दोघांच्याही खाली चार-पाच वाव साखळी. साखळीच्या वजनाने ओढ तळाला धरून आडवी राहते, नांगर उपटून वर येत नाही. वरचा दोर नायलॉनचा, कारण तो ताणतो आणि झटका खातो. तरंगणारा प्लास्टिकचा दोर तसा ताणत नाही, शिवाय शेजारच्या बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात जातो. तो बघितला की तुमची माणसं जी बोलतात ते इथे लिहिता येणार नाही, पण बरोबर बोलतात.

तरी बहुतेक दोर तळाशी तुटत नाही, नाळेच्या काठावर घासून तुटतो. तिथे जुना रबरी पाइप चिरून बसवायचा, नसेल तर गोणपाट गुंडाळायचं आणि दर दोन-तीन तासांनी वीतभर दोर सोडायचा, म्हणजे घासायची जागा बदलते. याला रात्रभर जागा राहणारा माणूस लागतो. थकलेला खलाशी झोपतोच. मग ‘ए, दोर बघ रे’ म्हणून बोटीबोटीवर हाक मारत फिरणारे तुम्हीच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आनंदवाडीत नांगरलेल्या बोटींवरची माणसं गेली. बंदरात आलं म्हणजे जिंकलं असं नसतं, हे तुमच्याइतकं कुणाला सांगायला नको.

दुसरे आभार मेकॅनिकांचे. वादळात बोट बुडते ती बहुधा इंजिन बंद पडल्यावर. हेलकाव्यांनी डिझेलच्या टाकीच्या तळचा गाळ ढवळतो, फिल्टर चोंदतो, लाइनीत हवा शिरते. इंजिन गेलं की बोट लाटांना आडवी होते, मासळी ठेवायच्या खणात पाणी चढतं आणि खवले-जाळ्याचे धागे अडकून पंपही तुंबतो. अशी बोट ओढून आत आणली की मालक म्हणतो, ‘एकदा स्टार्ट मारून बघू.’ तुमचा मेकॅनिक आधी ऑइलची पट्टी ओढतो. ऑइल पाणी शिरून दुधासारखं पांढरं दिसलं तर चावीला हात लावू देत नाही. ऑइल काढायचं, आत डिझेलने धुवायचं, नवं ऑइल, नवा फिल्टर, टाकीखालचं पाणी सोडायचं, लाइनीतली हवा काढायची, आणि मगच स्टार्ट. घाईत मारलेल्या एका स्टार्टरने बेअरिंगं जातात.

आणि खण. हे फार कुणी बोलत नाही. बर्फ वितळलेला, झाकण दिवसेंदिवस बंद, आत मासळी कुजलेली. त्या खणात विषारी वायू साचतो आणि प्राणवायू उरत नाही. वादळातून वाचलेला माणूस बंदरात आल्यावर खणात उतरून मरू शकतो, आणि त्याला काढायला उडी मारणारा दुसराही. झाकणं उघडी टाकून वारा खेळू द्यायचा, एकट्याने उतरायचं नाही, कमरेला दोर आणि वर दोन माणसं, हा दंडक तुम्ही परक्या बोटींनाही पाळायला लावता. भाषा येत नसली तरी खाणाखुणांनी.

उकड्या तांदळाची गरम पेज, सुके कपडे, गोड चहा, हे ज्यांनी ज्यांनी दिलं त्यांचे आभार. बोटींचे नंबर, केरळची केएल आणि तामिळनाडूची टीएन ही अक्षरं आणि प्रत्येक खलाशाचं नाव वहीत उतरवून मत्स्यव्यवसाय खात्याला कळवणाऱ्यांचेही. त्या यादीची वाट कन्याकुमारीपर्यंत बघतात.

आता आमच्या बाजूचं. तुमची बोट कधी उत्तरेला आमच्याकडे अडकली तर व्हीएचएफ वायरलेसच्या १६ नंबरवर हाक द्या. हर्णैला थांबू नका, ते बंदर वाऱ्या-लाटांना उघडं आहे. आंजर्ल्याच्या खाडीत आत या, पण तोंडाशी गाळ आहे, तेव्हा भरती बघूनच. आमची डिंगी पुढे असेल.

तुमचे,
हर्णै ते मिरकरवाडा पट्ट्यातले तांडेल आणि बोटमालक