जेरी लुईस यांना उशिराचं आभारपत्र

प्रिय जेरी लुईस यांस,
सप्रेम नमस्कार.

हॉलिवूडचे विनोदी नट आणि दिग्दर्शक असलेले तुम्ही २०१७ मध्ये गेलात, त्यामुळे हे पत्र उशिराचंच. तरी आभार मानायचे आहेत ते तुमच्या विनोदाचे नव्हे, सेटवर आणून ठेवलेल्या त्या टीव्हीच्या पडद्याचे.

१९६० मध्ये मायामीच्या फाउंटनब्लू हॉटेलात ‘द बेलबॉय’ करताना तुम्ही पहिल्यांदाच दिग्दर्शन करत होतात आणि नायकही तुम्हीच. त्यात हा नायक स्टॅनली जवळजवळ चित्रपटभर तोंड उघडत नाही. बोलका प्रसंग निदान कानावरून जोखता येतो. मुक्या विनोदात मान अर्धा सेकंद उशिरा वळली की हशा गेला, आणि कॅमेऱ्यापुढे उभ्या नटाला ते कळणार कसं? रशेस, म्हणजे दिवसभर चित्रित केलेली फिल्म, धुऊन येईपर्यंत कॅमेरामनच्या ‘ओके’वर विसंबायचं. आपल्याकडे शांतारामबापूंनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ असाच, नट आणि दिग्दर्शक दोन्ही होऊन, केला. तुम्ही फिल्म कॅमेऱ्याशेजारी टीव्ही कॅमेरा बसवलात, म्हणजे टेक सेटवरच्या पडद्यावर लगेच बघता येई. कल्पनेच्या श्रेयावरून वाद असतील, पण नट-दिग्दर्शकाचं रोजचं अवजार म्हणून ती रुजली ती तुमच्यामुळे.

शेजारच्या कॅमेऱ्यात एक खोट असतेच. दोन लेन्समध्ये अर्ध्या फुटाचं अंतर धरा. नट तीस फुटांवर असेल तर फरक जाणवत नाही. क्लोजअपमध्ये फ्रेम जेमतेम दोन फूट रुंद, म्हणजे चेहरा थेट पाव फ्रेम सरकलेला! पुढे रिफ्लेक्स कॅमेऱ्याच्या (आरशाने मुख्य लेन्समधलंच चित्र दाखवणाऱ्या) व्ह्यूफाइंडरमधलाच थोडा प्रकाश फोडून व्हिडिओला देऊ लागले, तेव्हा ती खोट गेली. चित्र मात्र फिकट आणि लुकलुकणारं, कारण शटरचा आरसा व्ह्यूफाइंडरला अर्धाच वेळ प्रकाश देतो.

आता चित्र लख्ख दिसतं, पण दुखणी वेगळी. सात इंची मॉनिटरवर फोकस किंचित गेलेला कळत नाही. मोठ्या पडद्यावर तो लपत नाही. फोकस पुलरनं, म्हणजे फोकस सांभाळणाऱ्या सहायकानं, शंका काढली तर वाद न घालता आणखी एक टेक घ्यावा. दुसरं, दोन मिनिटांचा टेक परत बघून, चालत मार्कवर, म्हणजे ठरलेल्या जागेवर, येऊन सगळं पुन्हा लागेपर्यंत पाच मिनिटं जातात. दहा टेकांना पन्नास मिनिटं, आणि तोवर सहकलाकार थंड पडलेला. म्हणून फ्रेम आधी स्टँड-इन, म्हणजे नटाच्या जागी बदली माणूस, उभा करूनच ठरवावी, जमिनीवर टेप लावावी आणि प्लेबॅक, म्हणजे टेक परत बघणं, अडलं तरच मागवावा.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे प्लेबॅकमध्ये नट फक्त स्वतःलाच बघतो. यावर उपाय साधा आहे: पहिल्यांदा बघताना नजर समोरच्या नटावर ठेवायची, त्याच्या चेहऱ्यावर आपली सावली पडली का, नजरेची रेष जुळली का, ते पाहायचं. आपला चेहरा दुसऱ्या फेरीत. आणि दुसरी फेरी बहुतेकदा लागतच नाही.

आपले,
कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहणारे काही नट-दिग्दर्शक