दुरुस्तीच्या कामाचा गँट चार्ट सूचना फलकावर लावण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

स.न.वि.वि.

इमारतीच्या बाहेरील भिंतींची दुरुस्ती आणि रंगकाम पुढच्या महिन्यात सुरू होऊन १४ आठवड्यांत संपणार, ही सूचना वाचली. इतके मोठे काम अंगावर घेतल्याबद्दल समितीचे मनापासून आभार. पण सूचनेत तारखा दोनच आहेत, पहिली आणि शेवटची. मधे कोणते काम कशाच्या आधी होणार, हे कुठेच नाही.

मागच्या वेळचे आठवा. रंग झाला, परांच्या उतरल्या आणि तिसऱ्या आठवड्यात सांडपाण्याचे पाईप बदलायला माणसे आली. माझ्या न्हाणीघराबाहेरची भिंत फोडली. नव्या रंगावरून वरपासून खालपर्यंत गेलेला सिमेंटचा राखाडी पट्टा मी आजही रोज जिना उतरताना पाहते. रंगाऱ्यांना पाइपांचे ठाऊक नव्हते, प्लंबरला रंगाचे. दोन्ही कामे एका कागदावर कधी आलीच नव्हती.

तो कागद म्हणजे गँट चार्ट. डाव्या बाजूला कामांची यादी, वर आठवडे आणि प्रत्येक कामासमोर ते जितके दिवस चालेल तितकी लांब आडवी पट्टी. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याने १९१०च्या दशकात असे तक्ते रूढ केले. त्याच्याही आधी, १८९६ मध्ये, पोलंडच्या कारोल आदामिएत्स्की यांनी तशी आकृती तयार केली होती. संगणक असला तर बरेच, नाहीतर चौकटीचा कागद पुरतो.

माझा आग्रह मुख्यतः एका गोष्टीसाठी आहे. ज्या दिवसांत भिंतीवर एकही माणूस दिसत नाही, त्या दिवसांचीही पट्टी काढा. नव्या गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारावे लागते. त्यानंतर तो पुरता सुकण्याआधी रंग चढवला तर फुगे येतात, पोपडे सुटतात. तक्त्यात ही पट्टी नसली की ‘भिंत तर मोकळीच आहे’ म्हणत प्रायमरचे डबे उघडले जातात. पाईप, मग गिलावा, पाणी मारणे, सुकणे, प्रायमर, रंग अशी ही साखळी आहे. हिच्यात एक दिवस गेला की शेवटची तारीख एक दिवस पुढे जाते. यालाच क्रिटिकल पाथ म्हणतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला मात्र बरीच सवड आहे. ते भिंतींच्या बरोबरीने चालू शकते. उशीर होऊ लागला म्हणून गच्चीवर माणसे वाढवली तरी रंग लवकर होणार नाही, हे तक्ता पाहिला की कोणालाही कळेल.

दुसरी विनंती नोंदीबद्दल. ठरलेली पट्टी काळ्या शाईने काढावी आणि दर शनिवारी तिच्याखाली प्रत्यक्ष झालेले काम लाल शाईने भरावे. तारीख पुढे ढकलावी लागली तर खुशाल ढकला, पण जुनी काळी पट्टी खोडू नका. ती खोडली की उशीर कुठे सुरू झाला हेच कळत नाही. ‘गिलावा साठ टक्के झाला’ अशी नोंदही नको. कोणत्या बाजूचे किती मजले पूर्ण झाले, ते लिहावे.

फलकावर हे लागले तर घरोघरी उपयोग होईल. आमच्या मजल्यावरच्या आजींना दम्याचा त्रास आहे. जुना रंग घासून काढण्याचे दिवस आधी कळले तर तेवढे दिवस त्या मुलीकडे राहायला जातील, असे त्यांनी मला स्वतः सांगितले.

सोबत २२ ओळींचा कच्चा तक्ता जोडला आहे. कामांचा क्रम मी लावला आहे, दिवसांचे रकाने मात्र मुद्दाम कोरे ठेवले आहेत. जो काम करणार त्यानेच ते भरलेले बरे, म्हणून काम सुरू होण्याआधी कंत्राटदाराला एकदा समितीसमोर बसवावे. त्या बैठकीला मी येईन आणि दर शनिवारी लाल पट्टी भरायचे कामही आनंदाने करीन.

कळावे,
आपली,
एक सभासद, चौथा मजला

सोबत : कच्चा तक्ता, १ पान