आक्काला सांगावे की नाही

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार. बऱ्याच महिन्यांनी लिहितो आहे. शिव्या द्यायच्या असतील तर उत्तरात सविस्तर द्याव्यात. माझी साखर आटोक्यात आहे, शीलाचा गुडघा होता तसाच आहे.

आक्काच्या आतड्याच्या ऑपरेशनचे नंदूकडून कळलेच असेल. पुढे केमो सुरू झाली. त्यातले फ्लुरोयुरॅसिल हे औषध ४६ तास पंपातून हळूहळू जाते, म्हणून कमरेला पिशवी बांधून घरी पाठवतात. ‘बाबांनी लग्नात द्यायचा राहिलेला कंबरपट्टा अखेर मिळाला,’ असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. त्याच संध्याकाळी गोळ्यांची चिठ्ठी शोधताना तिच्या हाती स्कॅनचा रिपोर्ट लागला आणि यकृतावरच्या ज्या डागाबद्दल घरात कोणी तोंड उघडत नव्हते, तो तिने चष्मा लावून, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचून काढला.

रात्री छातीत कळ आली. ईसीजी बिघडलेला, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिनही वाढलेले. सगळे हार्ट अटॅकच धरून चालले होते, परंतु अँजिओग्राफीत एकही रक्तवाहिनी अडलेली निघाली नाही. इकोत हृदयाचा वरचा भाग जोराने आकुंचन पावत होता आणि टोकाकडचा भाग, जपानी कोळी अष्टपाद पकडायला वापरतात त्या मडक्यासारखा, फुगून स्वस्थ पडला होता. हिरोशिमाच्या डॉ. हिकारू सातो यांनी १९९० मध्ये वर्णन केलेला हा ताकोत्सुबो नावाचा हृदयविकार. शरीरावर किंवा मनावर मोठा ताण आला की अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये एकदम उसळतात आणि हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो, असे मानतात. दहांतले नऊ रुग्ण स्त्रिया असतात, बहुतेक पाळी गेलेल्या. पंप त्याच रात्री काढला. ३० टक्क्यांवर आलेले हृदयाचे पंपिंग आता ५५ आहे.

खरा घोर पुढेच आहे. तात्यांच्या आजारात मी ‘सांगा’ म्हणालो म्हणून तू वर्षभर माझ्याशी बोलला नव्हतास. आज माझे सगळे घर तुझ्या पक्षात गेले आहे. ‘वाचले म्हणूनच झाले’ असा निकाल देऊन अण्णाने फाइल कपाटात घातली आणि किल्ली जानव्याला बांधली. (जानवे त्याने त्यासाठीच पुन्हा घातले असावे.) मी त्याला म्हटले की हे औषधच कधी कधी असे करते, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, शिवाय ऑपरेशनचा शीण होताच. झुरिकहून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचा २०१९ चा लेखही वाचून दाखवला: ताकोत्सुबोच्या १६०४ रुग्णांपैकी २६७ जणांना कर्करोग होता किंवा होऊन गेला होता, आणि त्यांच्यात मानसिक धक्क्याने सुरुवात झालेले १८ टक्के, तर शारीरिक ताणाने सुरुवात झालेले सुमारे ४८ टक्के होते. ‘आक्का काय झुरिकला राहते?’ एवढे बोलून तो भाजी आणायला गेला. त्याच्यासमोर मी हटलो नाही, पण रात्री विचार येतो की ती त्या अठरांतली नसेलच हे मी कशाच्या बळावर म्हणावे?

आता नवा स्कॅन झाला आहे आणि डाग वाढला आहे. डॉक्टर ते औषध पुन्हा देणार नाहीत. दुसरे देतील, तेही हृदयाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आक्का एवढेच विचारते, ‘कंबरपट्टा का काढून घेतला?’ मला वाटते, तिला धक्का बसला असेल तर तो घरात माणसे असून एकटीने वाचावे लागल्याचा, आणि तशीच वेळ पुन्हा यायची नसेल तर कोणीतरी शेजारी बसून, हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचारून, सावकाश सांगायला हवे. अण्णा म्हणतो, दुसऱ्या झटक्याची जबाबदारी तू घेणार का? असा झटका पुन्हा येऊ शकतो, हे खरेच आहे.

तुझ्या बदलीचे काय झाले? मुक्ताची बारावी आहे ना? तिला आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

आक्का माझ्यापेक्षा तुझे ऐकते, हे दुःख मी पचवले आहे. रविवारी ये. आधी माझ्याशी भांड, लपवण्याच्या बाजूने जेवढे बोलता येईल तेवढे बोल, आणि त्यानंतरही मी हललो नाही तर आपण दोघे मिळून अण्णाकडून किल्ली काढून घेऊ.

तुझा,
विनू